खाली उतरून पाहायच्या इमारती

कोल्हापूरच्या वास्तुकलेवरचे कोणतेही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांत अंबाबाईचे देऊळ आणि त्यामागोमाग मेजर चार्ल्स मँट हे ठरलेलेच. त्यात गैर काही नाही. टाउन हॉल काय किंवा १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडा काय, मँटची कामे नजर खिळवून ठेवणारीच आहेत. बिचारा स्वतः १८८१ मध्येच गेला, राजवाडा उभा राहिलेला त्याने पाहिला नाही. तरी शहराच्या दगडी चेहऱ्यावर त्याची सही राहिली ती राहिलीच.

या पुस्तकात मँटचे नाव पुन्हा येणार नाही. इथे ज्या इमारतींचे आराखडे आणि छायाचित्रे आहेत त्यांना नाव घेण्याजोगा वास्तुविशारद नव्हता, बहुतेकींना कोनशिलाही नाही. रस्त्याने जाणाऱ्याला त्या दिसतात त्या एवढ्याच: एक जाड भिंत, ठेंगणे दार, वर मारुतीचे चित्र, नावाची पाटी आणि बाहेर कट्ट्यावर बसलेली चार माणसे. त्या आहेत कोल्हापूरच्या तालमी. पेठेत कोणाला पत्ता सांगायचा तर तो तालमीपासूनच सुरू होतो. तालमीच्या अलीकडे, तालमीच्या बोळात, तालमीसमोर. पण वास्तू म्हणून तालमीकडे कोणी पाहत नाही. कुस्तीच्या इतिहासात तिचा उल्लेख येतो, फडाच्या आणि गदेच्या गोष्टींत येतो. भिंत किती रुंद, खिडकी कुठे, जमीन किती खोल, हे कोणी मोजायला गेले नव्हते.

एका धाग्याने बांधलेल्या मंडळींनी स्वतःसाठी उभी केलेली घरे, हा जगभर अभ्यासाचा विषय आहे. युरोप-अमेरिकेत फ्रीमेसन मंडळींच्या लॉजवर ग्रंथच्या ग्रंथ निघाले. आपल्याकडेही मुंबईच्या फोर्टात फ्रीमेसन हॉल आहे. हिंदी माणसांनाही सभासद होता यावे म्हणून १८४३ साली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघाले आणि माणेकजी खरसेटजींसारखे पारशी गृहस्थ त्यात आले, हा इतिहास नोंदलेला आहे. लॉजमधली सभेची खोली अशी असते की आत काय चालते ते बाहेर कळू नये. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेच्या बाजूला प्रमुखाची खुर्ची, नवशिक्याची पायरी वेगळी, जाणत्याची वेगळी, कमरेला ठरावीक वस्त्र. तालीम पाहिलेल्या माणसाला हे वर्णन फारसे परके वाटणार नाही. इथेही बाहेरचे कपडे बाहेर राहतात, इथेही गुरूची जागा ठरलेली, इथेही कोण कुठे उभे राहणार हे वयावर नव्हे तर किती वर्षे माती लागली यावर ठरते. आणि ठरावीक वस्त्र म्हणाल तर लंगोट. फरक आहे तो असा की मेसन मंडळींनी गवंड्यांची हत्यारे खूण म्हणून घेतली, दगड घडवायला ती कधी उचलली नाहीत. तालमीतले खोरे मात्र रोज पहाटे उचलावे लागते.

तालमीत शिरताना वाकावे लागते. दाराची चौकट मुद्दामच बुटकी ठेवलेली असते आणि उंबरा उंच. डोके खाली, पाय वर, अशा बेताने आत गेलेला माणूस आपोआप मारुतीसमोर झुकलेला असतो, कारण समोरच्या भिंतीतल्या देवळीत मारुती असतो. जुन्या तालमींत आतली जमीन रस्त्यापेक्षा खाली असते. पायऱ्या उतरून गेले की डोळ्यांना थोडा वेळ काही दिसत नाही. मग वरून, आढ्याच्या जवळून, झरोक्यांतून येणारा उजेड कळू लागतो. तो हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, मध्यावर पडतो, भिंतींच्या कडा अंधारातच राहतात. खिडक्या डोक्याच्या वर का, याला वस्तादांचे उत्तर सोपे आहे: घामेजल्या अंगाला वारा लागू नये. दुसरेही एक कारण आहे, ते सगळ्यांना माहीत असते आणि सांगायला नको असते. मेहनत ही लोकांनी बघायची गोष्ट नव्हे. बघायचे ते मैदानात.

भिंती दगडाच्या, चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या आणि हातांनी कवेत घ्याव्यात तेवढ्या जाड. त्यामुळे थंडीत आत ऊब राहते आणि उन्हाळ्यात गारवा. हौद्याच्या मातीची ओल टिकते ती याच बांधणीमुळे. वर लाकडी तुळया आणि कौले. तुळईला दोर बांधलेला असतो, तो चढायचा. एखाद्या कोपऱ्यात मल्लखांब, भिंतीशी टेकवून ठेवलेल्या करेला आणि मुदगलांच्या जोड्या. खांब हौद्यापासून लांब ठेवलेले असतात, कारण फेकलेला गडी कुठे जाऊन पडेल त्याचा नेम नसतो. हौद्याच्या भोवती एक माणूस चालेल एवढीच वाट आणि तिच्या एका बाजूला जरा उंच कट्टा. ती वस्तादांची जागा. तिथून हौद्याचे चारही कोपरे दिसतात आणि दारातून कोण किती वाजता आला तेही दिसते. या पुस्तकासाठी मोजमापे घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. वस्तादांच्या मागची भिंत खांद्याच्या उंचीवर काळपट, गुळगुळीत झालेली असते. तेल लावलेल्या पाठींनी पिढ्यान्‌पिढ्या टेकून तिला ती झिलई आणली आहे. एका तालमीत रंगकाम काढले तेव्हा तेवढा पट्टा सोडून बाकी भिंत रंगवली होती. का सोडला असे विचारल्यावर रंगाऱ्यानेच सांगितले, तिथे रंग धरत नाही.

झरोक्यांच्या खाली, भिंतीच्या वरच्या अंगाला, तसबिरी. खांद्यावर गदा घेतलेले, मान किंचित वर केलेले, कान मोडलेले पैलवान. काहींची नावे पेठेबाहेर कोणाला माहीत नाहीत. काहींची देशाला माहीत आहेत. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे हे सीमाभागातल्या एकसंब्याचे, घडले शाहूपुरी तालमीत. त्यानंतरच्या वर्षीचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, मोतीबागेत वाढले आणि १९६४ साली टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेले. १९७१ चे हिंदकेसरी दीनानाथ सिंह तर उत्तर प्रदेशातून आले आणि कोल्हापूरकरच होऊन गेले. या गावांची यादी वास्तूच्या पुस्तकात कशाला, असे वाटेल. पण तालमीचा वरचा मजला याच यादीमुळे आहे. खेड्यातून आलेला मुलगा राहणार कुठे? तर माळ्यावर. तिथे पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर वाळत घातलेले लंगोट, एका बाजूला स्टोव्ह किंवा चूल आणि बदाम वाटायची कुंडी. पहाटेच्या मेहनतीनंतर कुंडीत दांडा फिरू लागला की तो आवाज खालपर्यंत येतो. थंडाई ज्याची त्याने करायची, पण वाटणारा हात बहुतेक वेळा सर्वांत धाकट्याचा. दूध बाहेरून. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढून देतात ते कोल्हापुरी कौतुक आज पाहुण्यांना दाखवायचे झाले आहे. ते मुळात खुराकाच्या हिशेबातून रुजलेले आहे.

आता मातीबद्दल. तालमीची खरी वास्तू कोणती असे मला कोणी विचारले तर मी हौद्याकडे बोट दाखवीन, भिंतींकडे नव्हे. तांबडी माती आणायची, खडे निवडायचे, चाळणीने बारीक चाळायची. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, काव, कापूर, जिथे ऐपत असेल तिथे तूप. प्रमाण प्रत्येक तालमीचे निराळे आणि प्रत्येक वस्तादाला आपलेच खरे वाटते. तेलाने धूळ बसते, हळदीने खरचटलेले चिघळत नाही, ताकाने माती मऊ राहते, असे सांगतात. रोज हौदा उकरायचा. खोऱ्याने कडेची माती मध्यावर, मध्यावरची कडेला, मग पायाने सारखी करायची. हे काम मेहनतीचाच भाग आहे, त्याला मजूर लावत नाहीत. बऱ्याच तालमींत जुनी माती पुरी काढून टाकत नाहीत, तिच्यातच नवी भर घालतात. म्हणजे आज ज्या मातीत पोर लोळते तिच्यात त्याच्या आज्याच्या वेळची चिमूटभर तरी असणारच. संवर्धनाचे शास्त्र शिकलेल्यांना माझा प्रश्न आहे: दगड बदलला तर मूळ वास्तू गेली म्हणता, मग रोज उकरला जाणारा आणि तरीही तोच राहणारा हा हौदा तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो?

राजर्षी शाहू १८९४ साली गादीवर आले. ते स्वतः मातीतले गडी. त्यांनी कुस्तीला किती दिले हे इतक्यांनी लिहिले आहे की मी आवरते घेतो. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात एकेका समाजाची विद्यार्थी वसतिगृहे, म्हणजे आपली बोर्डिंगे, उभी राहिली, त्यांच्यावरही पुष्कळ लिहून झाले आहे. माझ्या मते बोर्डिंग आणि तालीम या एकाच माणसाच्या डोक्यातल्या दोन जोडखोल्या होत्या: खेड्यातला मुलगा शहरात आणायचा, त्याला छप्पर आणि अन्न द्यायचे. एकीकडे पुस्तक, दुसरीकडे माती. फरक पडला तो जातीच्या बाबतीत. बोर्डिंगे जातवार निघाली, त्या काळाची ती गरज होती. हौद्यात मात्र अंगाला अंग लागल्याशिवाय कुस्ती होत नाही. शाहूंनी अस्पृश्य मानलेल्या पैलवानांना 'जाट' म्हणून लढायला उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात सांगितली जाते. त्यात राजाची युक्ती दिसते आणि त्या वेळच्या समाजाची अडचणही दिसते. तालमीने जात पुसली असे कोणी म्हणू लागले तर मी मान डोलावणार नाही. पण तिने रोज तासभर तरी जातीला दाराबाहेर चपलांबरोबर ठेवायला लावले, हे काही थोडे नव्हे.

१९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोम पाहिले आणि तिथले कलोसियम डोक्यात घेऊन परतले. खासबाग मैदान हे त्याचे फळ, १९१२ साली खुले झाले. पण खासबाग म्हणजे कलोसियमची नक्कल असे जे सरसकट म्हटले जाते ते मला पटत नाही. रोमची ती वास्तू जमिनीवर कमानींवर कमानी रचून उभी केलेली आहे. खासबाग खोलगट आहे. मातीचा उतार, मध्ये हौदा, आणि कुठेही बसलात तरी पुढच्याचे डोके आड येत नाही. ते तालमीचेच मोठे रूप आहे, फक्त छप्पर काढून टाकलेले. तालमीतला उजेड जसा वरून हौद्यावर पडतो तसेच इथे आभाळ. शेजारी महाराजांनीच पॅलेस थिएटर बांधून घेतले, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ढिगाऱ्यासमोर उभे राहून रडणारी माणसे सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. इमारतीसाठी रडता येते हे त्या दिवशी कळले. एखादी तालीम पाडली जाते तेव्हा मात्र पेढे वाटतात, कारण तिच्या जागी 'नवी प्रशस्त इमारत' होणार असते.

तालमींची नावे नुसती वाचत गेले तरी जुने शहर उभे राहते. गंगावेश, रंकाळावेश, तटाकडील, पाटाकडील, खंडोबा, बाराइमाम, अवचित पीर, काळा इमाम, बाबूजमाल. वेशी गेल्या, तट गेला, पाट बुजला. पीर आणि देव तेवढे आहेत. बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती आहे, आणि तो तिथे कसा याचे स्पष्टीकरण तिथल्या माणसाकडे मागितले तर तो तुमच्याकडेच चमत्कारिक नजरेने बघतो. मोहरमचे पंजे तालमींत बसतात, गणपतीही तालमींतच बसतो. दोन्ही सण एकत्र येण्याचा योग तेहेतीसेक वर्षांनी येतो. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे तो आला तेव्हा एकाच मांडवात गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसले, आरती आणि फातेहा यांच्या वेळा तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिल्या गेल्या. हे सगळे पोथीतल्या सलोख्यासारखे गोड होते असेही नाही. या शहराने अलीकडे कडवट दिवसही पाहिले. पण अशा दिवसांत दोन्हीकडच्या माणसांना बसवायला जागा लागते, आणि जुन्या पेठांत ती जागा बहुतेक वेळा तालीम असते.

अनंत चतुर्दशीला तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती पुढे निघतो आणि मग बाकीच्या तालमी, मंडळे. महापुरात, म्हणजे २०१९ आणि २०२१ साली, पेठांतली या तालमींचीच पोरे बोटीत होती. फुटबॉलच्या हंगामात खंडोबा, दिलबहार, पाटाकडील, बालगोपाल ही नावे शाहू स्टेडियमवर घुमतात. परगावच्या माणसाला कळत नाही की फुटबॉल संघाच्या नावात 'तालीम मंडळ' कशाला. आणि खरे सांगायचे तर आता कित्येक ठिकाणी ते नावापुरतेच आहे. हौद्यावर फरशी टाकून वर कॅरम मांडलेली तालीम मी पाहिली आहे. बिरादरी शिल्लक आहे, माती गेली. कुस्ती सोडून बाकी सगळे तालमीत चालते, असा एका जुन्या पैलवानाचा टोमणा या कामात अनेकदा ऐकला.

कुस्तीही बदललीच आहे. १९६१ पासून चाललेल्या महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, त्या दोन्हींच्या विजेत्यांची अंतिम लढत होते. ऑलिंपिक गादीवर. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेही गादीवरचेच. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले ही कोल्हापूरची लाडकी गोष्ट आहे. त्या पदकाचा अर्थ तेव्हाच कळायला हवा होता. गादी टाकायला सपाट, कोरडी, उजेडाची खोली लागते. ओलसर, खोल, अंधारी नाही. म्हणून नव्या तालमी वर चढल्या: खाली गाळे, पहिल्या मजल्यावर गादी, त्यावर व्यायामशाळा, बाहेर आरसे. गाळ्यांच्या भाड्यावर तालीम चालते आणि लोकवर्गणीचा पिच्छा सुटतो. याला नाक मुरडणे सोपे आहे. मी मुरडणार नाही. मुरगूडच्या कुस्ती संकुलात मुली गादीवर घडल्या, राष्ट्रीय स्पर्धांत उतरल्या. जुन्या तालमीच्या ठेंगण्या दाराने त्यांना कधी आत घेतले नव्हते. त्या दाराच्या कौतुकात मीही वर एक परिच्छेद खर्च केला आहे, तेव्हा हेही लिहून ठेवायला हवे.

तरी वारसा म्हणून काय जपायचे हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर द्यायची पद्धत आपल्याकडे चुकीची आहे असे माझे मत आहे. वारशाची यादी करणारा माणूस रस्त्यावर उभा राहून वर पाहतो. कमान आहे का, नक्षी आहे का, मनोरा आहे का. तालमीला यातले काहीच नसते. ती रस्त्याखाली असते आणि तिचे सौष्ठव छेदचित्रात दिसते, दर्शनी चित्रात नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक तालमीचा उभा छेद दिला आहे: रस्ता किती उंच, उंबरा किती, हौद्याची माती किती खोल, झरोका जमिनीपासून किती वर, वस्तादांच्या कट्ट्यावरून नजर कुठवर पोचते. दर्शनी भागाची छायाचित्रे लहान छापली आहेत, ती मुद्दाम. एखाद्या मंडळाला जुनी तालीम पाडून नवी बांधायचीच असेल तर निदान ही मापे त्यांच्या अभियंत्याच्या टेबलावर असावीत. काँक्रीटमध्येही झरोका वर ठेवता येतो. वर गादी आणि तळाला हौदा अशी दुहेरी तालीम बांधायला फार जास्त पैसे लागत नाहीत, तळघरातला एक गाळा कमी होतो इतकेच.

याच कारणाने इथे गेल्या काही वर्षांत बांधलेल्या काँक्रीटच्या तालमीही घेतल्या आहेत. त्यावरून संपादनाच्या वेळी बराच वाद झाला. वारशाच्या पुस्तकात गाळ्यांची इमारत कशाला, असे म्हणणाऱ्यांचे मत मी समजू शकतो. पण त्यांतल्या एका इमारतीत, सरकत्या लोखंडी दाराच्या दोन गाळ्यांच्या मधोमध, जुन्या तालमीची दगडी चौकट जशीच्या तशी बसवलेली आहे. मंडळाने ठरावच केला होता की दार हलवायचे नाही. गवंड्याने उंची वाढवून देतो म्हटले तर वस्तादांनी नको म्हणून सांगितले. त्या इमारतीचा छेद पुस्तकात सर्वांत मोठ्या आकारात छापला आहे, वाचकांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल.